सोळावं वर्ष

आपल्या दोंडाईच्यावरून जाणारी सुरत-भुसावळ लाईन म्हटली की कुणाला नंदुरबार आठवतं, कुणाला अमळनेर, कुणाला स्टेशनावरच्या मिरचीच्या पोत्यांचा ठसका. मला हल्ली या लाईनीवर आठवतो एक वीस वर्षांचा, घरातून निघून गेलेला मुलगा.

२५ मार्च १९१६. विनायक नरहर भावे बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला आणि मध्येच सुरतेला उतरला. शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं त्याआधीच आईच्या चुलीत गेली होती. सुरतेहून तो भुसावळमार्गे काशीला गेला, म्हणजे दोंडाईचा स्टेशन वाटेत लागलंच असणार. पुढे तो विनोबा झाला, ते आपण शाळेत शिकलो. मला कुतूहल आहे ते मागे राहिलेल्या वडिलांचं.

नरहरपंत भावे रसायनातले, रंगांचे प्रयोग करणारे, शिस्तीचे. मुलानं फ्रेंच शिकावी, मोठं नाव काढावं ही त्यांची इच्छा. मुलाला मारही भरपूर देत. विनोबांनीच नंतर सांगितलंय की एके दिवशी मार बसला नाही, दुसर्‍या दिवशीही नाही, आणि मग उलगडा झाला की आपल्याला सोळावं लागलंय! सोळा वर्षांच्या मुलाशी मित्रासारखं वागावं असं शास्त्रात लिहिलेलं, म्हणून वडिलांची छडी त्या दिवसापासून बंद.

मला हे फार आवडतं, पण थोडं हसूही येतं. छडी खाली ठेवायला तारीख होती. अपेक्षा खाली ठेवायला कुठल्या शास्त्रात तारीख दिली आहे?

मुलगा गेला आणि काही महिन्यांनी गांधीजींचंच पत्र आलं, की तुमचा विनोबा माझ्याजवळ आहे, आणि सोबत भरभरून कौतुक. वडिलांना त्या दिवशी काय वाटलं असेल? १९१८ साली आई गेली. विनोबा म्हणाले, भटजी नकोत, मी स्वतः सगळं करतो. वडील म्हणाले, तिला रीतीप्रमाणेच आवडलं असतं. कुणीच मागे हटलं नाही. विनोबा स्मशानात गेले नाहीत, घरी वेद वाचत बसले. पुढे बाळकोबा आणि शिवाजी हे भाऊही त्याच वाटेनं गेले. तिन्ही मुलगे ब्रह्मचारी!

पण नाळ तुटली नाही. गांधीजींनी वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग सुरू केले तेव्हा नरहरपंत तिथे आले, हातकागदाचं काम नीट पाहिलं आणि सांगितलं, लगदा तरी यंत्रानं करा. तेव्हा कुणी ऐकलं नाही. पुढे विनोबांनीच कबूल केलं की त्या काळी आम्हाला हातकामाचं वेडच लागलं होतं. म्हणजे मत बदललं ते मुलाचंही.

आणि हे सगळं येऊन थांबतं आपल्याच जिल्ह्यात. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, पूर्वी अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढे १९४७ साली नरहरपंत वारले तेही धुळ्यालाच. अस्थी नाशिकला गोदावरीत नेण्याऐवजी विनोबांनी तिथेच मातीत ठेवल्या आणि वर तुळस लावली.

मला वाटतं, या बापलेकांनी एकमेकांना पटवलं असं कधी झालंच नाही. वडील यंत्राचेच राहिले, मुलगा आपल्या वाटेचाच. फक्त वडिलांनी वर्ध्याला जाऊन मुलाच्या जगात आपलं ज्ञान कामाला लावायची तयारी दाखवली. अपेक्षा सोडणं म्हणजे आपलं मत गिळणं नव्हे, हे मला यातून कळतं.

आपल्या नातेवाईकांत यंदा दोन मुलं दहावीला आहेत. दोघांचं काय करायचं, त्याच्या बैठका नाशिक-पुण्याच्या क्लासच्या फीसकट झाल्या आहेत. सोळावं लागतंय बरं का दोघांना. एकदा त्यांनाही बैठकीला बोलवूया.