मुलुंडचा नगरसेवक, गोवंडीचा खासदार

नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले, कचरा उचलला गेला नाही, की गोवंडीचा माणूस नगरसेवकाचे दार ठोठावतो. खासदाराचे नाव त्याला निवडणूक आली की आठवते. मग एखादा नगरसेवकच खासदार झाला, तर या वस्तीच्या पदरात काय पडते?

मुंबईला ही वाट नवी नाही. सर इब्राहिम रहिमतुल्ला 1892 मध्ये महापालिकेत आले, 1899 मध्ये तिचे अध्यक्ष झाले आणि 1931 मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदी बसले. पुढे मनोहर जोशी 1968 मध्ये नगरसेवक, 1976 मध्ये महापौर आणि 2002 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. म्हणजे गटार-दिवाबत्तीच्या चर्चेतून घडलेली दोन माणसे देशाच्या सभागृहाचे नियमन करून गेली. त्यांतला पहिला मुसलमान होता, हे आपल्या तरुणांना सहसा कुणी सांगत नाही.

अलीकडचे उदाहरण आपल्याच मतदारसंघातले. ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघाचे एक टोक मुलुंड, दुसरे मानखुर्द-शिवाजीनगर. गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर या वस्त्या या दुसऱ्या टोकाला येतात. मनोज कोटक हे मुलुंडचे भाजपचे नगरसेवक. 2014 मध्ये भांडुप पश्चिममधून विधानसभा लढवून ते हरले. 2017 मध्ये 227 जणांच्या सभागृहात शिवसेनेचे 84, तर भाजपचे 82 नगरसेवक निवडून आले. भाजपने महापौरपदाची निवडणूक न लढवता पहारेकऱ्याची भूमिका घेतली. पालिकेतल्या या गटाचे नेते कोटक होते. 2019 मध्ये किरीट सोमय्या यांच्या उमेदवारीला शिवसेनेने विरोध केला आणि तिकीट कोटक यांच्याकडे आले. संजय दिना पाटील यांचा त्यांनी 2 लाख 26 हजारांहून अधिक मतांनी पराभव केला.

ज्याला पालिकेचा अर्थसंकल्प वाचता येतो असा खासदार मिळाला, ही जमेची बाजू. पण अडचण पदाच्या स्वरूपातच होती. पाणी, मलनिःसारण, दवाखाने, प्राथमिक शाळा ही कामे पालिकेची. ती खासदाराच्या हातात नसतात. त्याच्या हातात असतो तो वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी. कोरोनाच्या काळात, एप्रिल 2020 पासून, तोही दीड वर्षाहून अधिक काळ थांबवण्यात आला.

इकडे गोवंडीची दुखणी जुनीच होती. देवनारची कचराभूमी 1927 पासूनची. 2016 च्या जानेवारीत ती पेटली, तेव्हा धूर दूरदूरच्या उपनगरांत गेला आणि मग साऱ्या शहराला गोवंडी दिसली. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी ज्यात येते तो एम पूर्व विभाग 24 विभागांत शेवटचा होता. 2022 च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. त्याच वर्षाच्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ पसरली, मुले दगावली. त्या वेळी सभागृहात उभे राहून जाब विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. नवे सभागृह निवडायला 2026 चा जानेवारी उजाडावा लागला.

2024 मध्ये कोटक यांना तिकीट मिळाले नाही. भाजपने मुलुंडचेच आमदार मिहिर कोटेचा यांना उभे केले. संजय दिना पाटील 29,861 मतांनी जिंकले. एकट्या मानखुर्द-शिवाजीनगरने त्यांना 87 हजारांच्या आसपास आघाडी दिली होती. हिशेब सरळ आहे: उरलेल्या पाच विधानसभा क्षेत्रांत मिळून ते मागेच होते. खासदार कोण, हे त्या वर्षी गोवंडीने ठरवले.

मात्र खासदार ठरवणे वेगळे आणि खासदार घडवणे वेगळे. आपण पहिले शिकलो. दुसऱ्याची सुरुवात नगरसेवकाच्या खुर्चीतून होते. तिथे बसलेला माणूस फक्त शिफारसपत्रे देतो, की अर्थसंकल्पाची पाने उलटून एम पूर्वच्या वाट्याला काय आले ते विचारतो, यावर पुढचा पल्ला अवलंबून आहे. रहिमतुल्ला दिल्लीला पोहोचले त्याआधी त्यांनी अनेक वर्षे पालिकेत काढली होती. गोवंडीतल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने ती वाट धरली, तर तिची पहिली पायरी आपल्याच गल्लीच्या तोंडाशी आहे.