दुर्गावती, राणी

(मृत्यू : २४ जून १५६४). गढा-मंडल्याच्या गोंड राज्याची कारभारी राणी. जन्माने चंदेल राजकन्या. गोंड राजा संग्रामशाहचा मुलगा दलपतशाह याच्याशी विवाह. दलपतशाह लवकर वारला, तेव्हा लहानग्या वीरनारायणाला गादीवर बसवून तिने राज्य हाती घेतले. माळव्याच्या बाजबहादुराची स्वारी तिने परतवून लावली.

सातपुड्यातला गोंड समाज दुर्गावतीला आपली मानतो. १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपूरला इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलेले राजा शंकरशाह तिच्याच, गढ्याच्या घराण्यातले.

१५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान गढ्यावर चालून आला. नर्रईच्या डोंगराळ नाक्यावर राणीने पहिली झुंज जिंकली. त्याच रात्री शत्रूवर छापा घालावा, उजाडले की तोफा येतील, असे तिचे म्हणणे होते. सरदारांनी ऐकले नाही. सकाळी तोफा आल्या. वीरनारायण जखमी झाला, त्याला मागे पाठवावे लागले आणि फौज पांगली. हत्तीवरून लढणाऱ्या राणीच्या कानशिलात एक बाण घुसला, दुसरा मानेत. जिवंत हाती लागू नये म्हणून तिने विश्वासू अधार याला आपल्यावर वार करायला सांगितले. त्याचा हात उठला नाही, तेव्हा तिने स्वतःच कट्यार चालवली. पुढे चौरागढ पडला, वीरनारायण मारला गेला, गडावर जोहार झाला.

हा वृत्तांत मुख्यतः अबुल फजलच्या ‘अकबरनाम्या’तला, म्हणजे जिंकणाऱ्या दरबारातला. तो तिला गर्विष्ठ ठरवतो, पण तिचे धैर्य त्याला झाकता आलेले नाही.

वृंदावनलाल वर्मा यांची ‘महारानी दुर्गावती’ ही हिंदी कादंबरी प्रसिद्ध आहे. जबलपूरच्या शहीद स्मारकातील ब्योहार राममनोहर सिन्हा यांच्या भित्तिचित्रांत ती रणात दिसते. ‘अमर चित्र कथा’ने तिला मुलांपर्यंत नेले, २४ जून १९८८ रोजी तिचे टपाल तिकीट निघाले. चित्रकार-शिल्पकारांना हत्ती, तलवार आणि कट्यार यांचीच ओढ अधिक. तिची खरी शोकांतिका मात्र आदल्या रात्रीच्या मसलतीत घडली : पुढचे तिला एकटीला दिसत होते आणि ऐकणारे कोणी नव्हते. नाटककाराने हात घालावा असा हा प्रसंग आहे.

लोकांनी तिचे स्मारक आपल्या रीतीने केले. एकोणिसाव्या शतकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले आहे, की वाटसरू तिच्या समाधीवर त्या भागात सापडणारे स्फटिक वाहतात. शेजारचे दोन खडक म्हणजे राणीचे दगड झालेले नगारे, आणि रात्री ते अजून वाजतात, असे गावकरी त्याला सांगत.