वामनाचे चौथे पाऊल

आमच्या कुत्र्याचे नाव वामन. हे नाव ठेवले तेव्हा तो चपलांच्या खोक्यात मावत होता आणि त्याने घरात फक्त तीन पावलांपुरती जागा मागितली होती. एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, एक देव्हाऱ्यासमोर आणि एक माझ्या आरामखुर्चीखाली. पुढे काय होते ते पुराणात दिलेलेच आहे. सहा महिन्यांत त्याने सगळे घर व्यापले आणि तिसरे पाऊल माझ्या डोक्यावर ठेवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बळीराजानेही केली नव्हती.

तक्रार निराळीच होती. वामनाचा स्वभाव लग्नघरातल्या दूरच्या मामासारखा. ओळख असो नसो, दिसेल त्याच्या गळ्यात पडायचे. दूधवाला, पोस्टमन, गॅसचा सिलिंडर आणणारा, सगळे त्याचे जिवलग. गल्लीतली कुत्रीही सुरुवातीला त्याचे लाड सहन करीत. तो त्यांच्या पाठीवर चढे, शेपट्या ओढे, आणि ती मोठी मंडळी कंटाळून तोंड फिरवीत. पण आठवा महिना लागला आणि चित्र पालटले. तोच वामन, तेच प्रेम. पण आता तो धावत गेला की समोरून दात दिसू लागले. शेवटी एका सकाळी चौकातल्या इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली राहणाऱ्या आप्पाने त्याचा कान धरला. आप्पा म्हणजे एक मळकट तांबडा, वयस्कर कुत्रा. हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेले. त्या प्रसंगी मी "अहो आप्पा, अहो आप्पा" एवढेच ओरडू शकलो. कुत्र्याला अहोजाहो केल्याबद्दल सौ. अजून हसते.

कानाला तीन टाके पडले. त्या रात्री वामन माझ्या खुर्चीखाली कण्हत पडला होता आणि मी वर बसून महानगरपालिकेला अर्ज लिहीत होतो. "आमच्या निरुपद्रवी, प्रेमळ व सुसंस्कृत कुत्र्यावर विनाकारण हल्ला करणाऱ्या सदर भटक्या कुत्र्याचा बंदोबस्त व्हावा" वगैरे. 'सुसंस्कृत' हा शब्द सौ.ने खोडायला लावला. दुसऱ्या दिवशी नऊ सह्या मिळाल्या. दहावी तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांची हवी होती. त्यांनी अर्ज वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, "हा अर्ज पूर्वी एकदा येऊन गेलाय."

"महानगरपालिकेत?"

"महाभारतात. आदिपर्व काढा."

गोष्ट खरोखरच तिथे आहे, अगदी सुरुवातीला. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असताना सरमेचा मुलगा, म्हणजे देवांच्या कुत्रीचे पोर, सहज तिथे आले. जनमेजयाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. आईने विचारले, तू काही आगळीक केली असशील. ते म्हणाले, मी हविष्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे तर दूरच. तेव्हा सरमा यज्ञमंडपात गेली आणि तिने जाब विचारला, माझ्या निरपराध पोराला का मारलेत? भावांनी काहीच उत्तर दिले नाही. तिने शाप दिला आणि राजाला पुरोहित शोधत रानोमाळ हिंडावे लागले.

"सरमेनेसुद्धा शापाआधी कारण विचारलं होतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही आप्पाला विचारलंत का?"

सही न करता त्यांनी अर्ज परत दिला. मला राग आला. पण घरी येऊन विचार करू लागलो आणि लक्षात आले की जनमेजयाच्या भावांनी न दिलेले उत्तर पुढे इतरांनी दिले आहे. फक्त त्याला फार वेळ लागला.

पहिला मान डार्विनसाहेबांचा. माणूस आणि प्राणी यांच्या भावना चेहऱ्यावर आणि अंगावर कशा उमटतात, यावर त्यांनी १८७२ साली एक पुस्तक काढले. त्यात ब्रिटन रिव्हिएर नावाच्या चित्रकाराने काढलेली कुत्र्याची दोन चित्रे आहेत. एकात कुत्रा भांडायच्या इराद्याने दुसऱ्याकडे चाललेला आहे: अंग ताठ, डोके किंचित वर, शेपूट उभी, केस पिंजारलेले, नजर रोखलेली. दुसऱ्यात तोच कुत्रा प्रेमात आलेला: अंग खाली झुकलेले, नागमोडी, कान मागे, शेपूट खाली आणि हलती. डार्विन म्हणतात, ही दोन रूपे एकमेकांच्या बरोबर उलट आहेत.

हे वाचून मी वामनाकडे पाहिले. आप्पा दिसताच तो काय करीत असे? शेपूट पंधरा ऑगस्टच्या झेंड्यासारखी वर, कान पुढे, डोळे आप्पाच्या डोळ्यांत, आणि सरळ रेषेत समोरून मुसंडी. मनात प्रेम होते, पण लिहिलेले सगळे पहिल्या चित्रातले होते. कुत्र्यांत सभ्य प्राणी समोरून येतच नाही. तो वळसा घालून, नजर दुसरीकडे ठेवून, बाजूने येतो आणि हळूच वास घेतो. (आपल्याकडे उसने पैसे घेतलेला माणूस साधारण असाच जवळून जातो.) त्यात माझीही मदत होती. मी साखळी मागे खेचून धरायचो, त्यामुळे वामनाची मान आणखी ताठ आणि छाती आणखी पुढे. रिव्हिएरच्या चित्रात जे काही उणे राहिले असेल ते मी भरत होतो.

तरीही एक प्रश्न उरला. हेच सगळे तो चौथ्या महिन्यातही करीत होता. तेव्हा आप्पाने का सोडले?

याचे उत्तर मला ग्रीनलंडमध्ये मिळाले, म्हणजे ग्रीनलंडला जाऊन आलेल्या माणसाकडे. निको टिंबर्गेन हा डच तरुण १९३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, नवी नवरी बरोबर घेऊन पूर्व ग्रीनलंडमधल्या अंगमाग्सालिक भागात जाऊन राहिला. त्या गावाला आता तासिलाक म्हणतात. लोक लग्नानंतर माथेरानला जातात; हे जोडपे बर्फात एस्किमोंच्या, म्हणजे इन्युइट लोकांच्या वस्तीत वर्षभराहून अधिक काळ राहिले. गेला होता पक्षी पाहायला, पण वस्तीतली गाड्या ओढणारी कुत्रीही त्याने पाहून ठेवली. ती पाच-दहांच्या टोळ्या करून राहत आणि प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असे. परकी कुत्री हद्दीत आली की सगळी तुटून पडत. मोठ्या कुत्र्यांना सगळ्या हद्दी तोंडपाठ असत. तरण्या पोरांना मात्र काहीच ठाऊक नसे. ती गावभर उंडारत, याच्या अंगणात मार खात, त्याच्या अंगणात मार खात, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तिथेच जात. कितीही मार खाल्ला तरी हद्दीचा धडा त्यांच्या डोक्यात शिरत नसे.

आणि मग गंमत होई. कुत्रा वयात आला की हा धडा अगदी थोड्या दिवसांत पाठ होई. दोन नरांच्या बाबतीत तर टिंबर्गेनने नोंदच केली आहे: पहिला समागम, स्वतःच्या हद्दीसाठी पहिले भांडण आणि परक्याची हद्द टाळणे, हे तिन्ही एकाच आठवड्यात. ही हकिकत त्याच्या १९५१ सालच्या पुस्तकात आहे. पुढे १९७३ साली त्याला नोबेल मिळाले, ते कुत्र्यांसाठी नव्हे. तरी मी माझ्या मनात तसे धरून चालतो.

म्हणजे वामन सध्या त्या दोन्हींच्या मधे लोंबकळत होता. अंगाचा वास बाप्याचा होऊ लागला होता, आणि तो वास आप्पाला माझ्या आधी कळला होता. बुद्धी मात्र चपलांच्या खोक्यातली होती. लहानपणाची सवलत संपल्याची नोटीस सगळ्या गल्लीला पोचली होती, फक्त आमच्या घरी आली नव्हती. आमच्या घरी त्याला अजून "बाळ" म्हणत असत.

सगळाच दोष वामनाचा होता असेही नाही. चौथ्या मजल्यावरचा अल्सेशियनही त्याच्यावर धावून येई, पण त्याचे कारण वेगळे. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकनांनी मेन राज्यात बार हार्बर इथे कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत जगाशी ओळख झाली तर झाली, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. हा अल्सेशियन ते सगळे आठवडे गॅलरीत काढून मोठा झालेला. त्याने दुसरा कुत्रा पाहिला तो थेट चार मजले वरून. असा प्राणी लिफ्टच्या दारात कुणी मिठी मारायला आले तर घाबरून दात काढणारच.

शेजारच्या एका गृहस्थांनी मला "त्याला दाखवून द्या बॉस कोण ते" असा सल्ला दिला. लांडग्यांच्या कळपात असेच असते म्हणे. ती समजूत मुळात बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेलने ते १९४७ साली लिहिले. पुढे डेव्हिड मेकने १९७० सालच्या आपल्या पुस्तकातून ती घरोघरी पोचवली आणि १९९९ साली स्वतःच सांगितले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे. हे मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांच्या घरात बॉस कोण हे सगळ्या सोसायटीला ठाऊक असल्यामुळे मी फार ताणले नाही.

अर्ज टेबलाच्या खणात राहिला. मी वामनाला सैल साखळीने, रस्त्याच्या पलीकडून, वळसा घालून नेऊ लागलो. तीन आठवडे काही फरक दिसला नाही. मग एका सकाळी इस्त्रीवाल्याच्या टपरीपासून दहा पावलांवर, जिथे फरशीवर साधी खडूची रेघसुद्धा नाही, तिथे वामन आपण होऊन थांबला. तोंड वळवून त्याने विजेच्या खांबाचा वास घेतला. आप्पाने एक डोळा उघडला आणि परत मिटला. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याला "बाळ" म्हटले नाही एवढे खरे.

त्याच आठवड्यात बी विंगमध्ये एक नवे बिऱ्हाड आले. त्यांच्याकडे लॅब्राडोर, आठ-नऊ महिन्यांचा, नाव लाडू. संध्याकाळी आमच्या फाटकाशी तो शेपटीचा झेंडा करून, आनंदाने वेडा होऊन सरळ वामनावर धावत आला. वामनाचे केस उभे राहिले आणि त्याच्या घशातून आम्ही कधीच न ऐकलेला एक आवाज निघाला. लाडू उताणा पडून किंचाळला. त्याला लागले काही नव्हते.

"अहो, असा कसा हो तुमचा कुत्रा?" त्या बाई कळवळून म्हणाल्या. "आमचा बिचारा नुसता खेळायला आला होता! याची तक्रार कुठे करायची असते?"

मी त्यांना तळमजल्यावरच्या मास्तरांकडे पाठवले.