शेअरपॉइंटमधील प्रमाणीकरण पद्धतीतील बदल
शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन सहकार्य प्रणालीत वापरकर्त्याची ओळख पटवण्याच्या क्लासिक व क्लेम्स अशा दोन पद्धती आहेत. क्लासिक पद्धत थेट विंडोज खात्यावर विसंबते. क्लेम्स पद्धतीत वापरकर्त्याविषयीची विधाने असलेले, विश्वासार्ह सेवेने स्वाक्षरित केलेले टोकन ग्राह्य धरले जाते. २०१० च्या आवृत्तीत दोन्ही पर्याय उपलब्ध होते. २०१३ च्या आवृत्तीत क्लेम्स पद्धत पूर्वनिर्धारित झाली.

आवृत्ती बदलताना डेटाबेसमध्ये साठवलेली खात्यांची नावेही नव्या स्वरूपात रूपांतरित करावी लागतात. तसे न केल्यास जुना कर्मचारीही प्रणालीला अनोळखी ठरतो आणि त्याला पूर्वीचे दस्तऐवज उघडता येत नाहीत. हे रूपांतर पॉवरशेल आज्ञांद्वारे केले जाते. ते पूर्ववत करता येत नसल्याने आधी चाचणी प्रणालीवर करून पाहणे आवश्यक ठरते.