मोटारीच्या रंगावरील वलये व ओरखडे : यंत्राने झिलई करताना

गडद रंगाची नवी मोटार दारात उभी राहते तेव्हा तिच्या बॉनेटमध्ये आरशासारखे प्रतिबिंब दिसते. वर्षभरात मात्र दुपारच्या उन्हात किंवा पेट्रोल पंपावरील प्रखर दिव्याखाली त्याच बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे उमटलेली आढळतात. यंत्राने झिलई केल्यास ही वलये जाऊ शकतात, हे खरे. पण ती नेमकी कशी जातात आणि त्यासाठी काय खर्ची पडते, याची माहिती गाडीमालकाला असणे आवश्यक आहे.

रंगाचे थर

बहुतेक आधुनिक मोटारींच्या पत्र्यावर प्रथम विद्युतप्रक्रियेने गंजरोधक थर बसवला जातो. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक थर असतो. या शेवटच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सारे थर मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या भागाइतके जाड असतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन एवढाच. गाडीची चकाकी आणि उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण ही दोन्ही कामे हा पातळ थर करतो.

वलये म्हणजे या थरावरील अतिशय बारीक चरे. ते प्रत्यक्षात गोल नसतात. वेगवेगळ्या दिशांनी गेलेले असतात. परंतु दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे पडलेले चरेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतात. त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. आपण बाजूला सरकलो की वर्तुळेही सरकतात. पांढऱ्या व चंदेरी रंगावर ती सहजी लक्षात येत नाहीत. काळ्या, गडद निळ्या रंगावर लगेच दिसतात.

त्यांचे मूळ बहुधा आपल्या रोजच्या सवयीत असते. रात्रभर गाडीवर बसलेली धूळ सकाळी कोरड्या फडक्याने झटकणे, एकाच बादलीत फडके बुडवून चार-पाच गाड्या पुसणे, धुळीवरच कापडी आच्छादन ओढणे या साऱ्यांत वाळूचे कण रंगावर घासले जातात.

झिलईने काय होते?

ओरखडा हा खड्डा आहे. तो भरून निघत नाही. त्याच्या आजूबाजूचा भाग खड्ड्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो, म्हणून तो नाहीसा होतो. म्हणजेच प्रत्येक झिलईत क्लिअर कोटचा काही अंश कायमचा जातो. हलक्या झिलईत एखाद-दुसरा मायक्रॉन, तर कडक कम्पाउंडने त्याच्या काही पट थर झिजू शकतो. अतिनील किरण रोखणारे घटकही याच थरात असल्याने तो फार पातळ झाला तर काही वर्षांत रंग पांढुरका पडून पापुद्रे सुटू लागतात. त्यावर पुन्हा रंगकाम करणे हाच उपाय उरतो.

कोणता ओरखडा जाईल, याची सोपी कसोटी नखाची आहे. त्यावरून अलगद नख फिरवावे. नख अडकले, तर तो ओरखडा झिलईने पूर्णपणे काढण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या कडा बोथट करून तो कमी दिसेल एवढेच पाहावे. प्रायमर किंवा पत्रा उघडा पडला असल्यास टचअप करावे लागते.

यंत्रांचे प्रकार

रोटरी यंत्रात चकती एकाच अक्षाभोवती फिरते. ते जलद काम करते. परंतु एका जागी रेंगाळल्यास उष्णता वाढून रंग जळतो. नवख्या हातांनी ते वापरल्यास प्रकाशात सरकणारे पट्टे उमटतात. ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रात चकती स्वतःभोवती फिरतानाच लहानशा कक्षेतही फिरते. त्यामुळे उष्णता कमी निर्माण होते आणि चुकीला थोडा वाव मिळतो. घरी प्रयोग करणाऱ्याने हेच यंत्र निवडावे. चकतीवर लावायचे पॅड लोकरीचे, मायक्रोफायबरचे किंवा फोमचे असतात. लोकरीचे पॅड जास्त कापते, तर मऊ फोम शेवटची झळाळी आणतो.

कामाचा क्रम

गाडी सावलीत आणि पत्रा थंड असावा. प्रथम ती शाम्पूने स्वच्छ धुवावी. नंतर ओलावा देऊन क्ले बार फिरवावा, म्हणजे रंगात रुतलेले लोखंडी कण, डांबर व चिकट थर निघून जातात. हे कण राहिले तर पॅडखाली सापडून नवे चरे पाडतात. रबरी पट्ट्या, काळे प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर रंग पातळ असतो आणि तो तेथेच लवकर उडतो.

शक्य असल्यास जाडी मोजणाऱ्या उपकरणाने प्रत्येक भाग तपासावा. हे उपकरण सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते. आकडा इतरांपेक्षा खूप जास्त आल्यास तो भाग पूर्वी रंगवलेला असण्याची शक्यता असते. खूप कमी आल्यास तेथे हात आखडता घ्यावा.

यानंतर एका लहान चौकोनावर चाचणी घ्यावी. सर्वांत मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश यांपासून सुरुवात करावी. चरे गेले नाहीत तरच पुढची पायरी गाठावी. सुमारे दीड-दोन फुटांच्या चौकोनात यंत्र सावकाश, आधी आडवे व मग उभे फिरवावे. पॅड वरचेवर साफ करावे. कम्पाउंड वापरले असल्यास त्यामुळे आलेला धूसरपणा सौम्य पॉलिशने काढावा.

शेवटी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून तिरप्या उजेडात पाहावा. ही तपासणी महत्त्वाची आहे. काही पॉलिशमधील तेलकट घटक चरे केवळ बुजवतात. गाडी ताब्यात घेताना ती लखलखते. दोन-तीन धुण्यांनंतर वलये पुन्हा हजर होतात. पैसे देऊन काम करून घेणाऱ्याने ही पुसणी आपल्यासमोर करण्याचा आग्रह धरावा.

झिलईनंतर

उघडा पडलेला ताजा पृष्ठभाग मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंगने झाकावा. कोटिंगमुळे पाणी व मळ सहज निघतो. परंतु ते चिलखत नव्हे; खडीचा मार किंवा धुळीच्या फडक्याचे घासणे ते थांबवत नाही.

खरी बचत निगेत आहे. कोरडी धूळ पुसू नये, आधी पाण्याने वाहून जाऊ द्यावी. शाम्पूची एक व फडके खळबळण्याची दुसरी, अशा दोन बादल्या ठेवाव्यात. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा गाडीला लावू नये. रोज गाडी पुसणाऱ्याला दोन चांगली मायक्रोफायबरची फडकी घेऊन देण्याचा खर्च एका झिलईच्या तुलनेत नगण्य आहे. क्लिअर कोट एकदाच मिळतो. तो दरवर्षी घासून चमकवण्यापेक्षा एकदा नीट झिलई करून पुढे जपणे, हेच शहाणपणाचे.