गणपतीत पाहणी, शिमग्यानंतर शाकारणी

कोकणातल्या जुन्या घराची दुरुस्ती दोन सणांच्या बेतानं चाले. भाद्रपदात मुंबईचा चाकरमानी गणपतीसाठी घरी येई तेव्हा पाऊस चालूच असे. पाणी कुठे झिरपतं, कुठला वासा काळा पडलाय, माजघरात कुठे भांडं लावावं लागतं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. काम मात्र शिमगा उरकल्यावर निघे आणि मृगाच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, छप्पर झाकलेलं असलंच पाहिजे. मधले पाच-सहा महिने पैसे जमवायला आणि नको ते बेत डोक्यातून जायला. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात सुतारकी करत. मी बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं करण्यात नोकरी काढली. पण खर्च आवरण्याची याहून शहाणी रीत मला कुठल्या दरसूचीत सापडली नाही.

आजोबांचा सगळा हिशेब खणांवर. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. चोवीस तसूंचा गज लावून ते खण मोजत आणि एका खणाला किती वासे, किती रिपा, किती नळे लागतील ते तोंडी सांगत. दुरुस्तीही खणाखणानंच होई. यंदा देवघराकडचे दोन खण, पुढच्या साली माजघर. जेवढं मृगाआधी झाकता येईल तेवढंच उघडायचं. जागा कमी पडली तर नवं छप्पर चढवायचं नाही, आहे तोच उतार पुढे ओढून पडवी काढायची आणि तिला कुडाची भिंत घालायची. पडवीचं दार ठेंगणं होई, पाहुण्याच्या डोक्याला चौकट लागे, पण खोली स्वस्तात पडे.

लाकूड बहुतेक घरचंच. फणस, आईन, किंजळ थंडीत तोडून ठेवायचं म्हणजे शिमग्यापर्यंत वाळतं. रिपांना पोफळ फाडायची. टाकून द्यायचं असं काही नसे. वाशाचं टोक पागोळ्यांनी कुजलं की तेवढं कापून उरलेला वासा आखूड मापाच्या पडवीवर जाई. खांबाचा पाय वाळवीनं खाल्ला तर तेवढा भाग कापून खालचा तळखडा उंच करायचा, खांब तोच. भिंतीचा जांभा चिरा मातीत बसवलेला असे. भिंत उतरवली तर चिरे सबंध निघत आणि पुन्हा लागत. शिवाय खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यावर राहिला की कठीण होतो. त्यामुळे शहाणा माणूस चिरे एक साल आधी काढून परड्यात रचून ठेवी.

या हिशेबाला पहिला धक्का बसला तो मंगळुरी कौलांनी. बासेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना घातला आणि पुढे ती कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्यानं मुंबईपर्यंत जाऊ लागली. तोवर घरांवर गावच्या कुंभारानं केलेले नळे असत. नळे स्वस्त, पण वारा ते सरकवी, वानरं फोडत, आणि दर उन्हाळ्यात छप्पर शाकारावं लागे. मंगळुरी कौल एकात एक अडकतं, म्हणून दरसालची ती कटकट कमी झाली. पण त्याला रिपा नेमक्या अंतरावर आणि वासे सरळ लागतात. नळ्यांना वाकडातिकडा वासा चाले, कौलांना चालेना. कौलांसाठी म्हणून काढलेला पैसा अशा रीतीनं लाकडात जाई. आजोबा सांगत, आधी मधल्या घरावर कौलं घाला, पडवीवर नळे राहू द्या. उतरवलेले नळे गोठ्यावर चढत.

दुसरा बदल पैशाच्या वाटेचा. टपाल खात्यानं 1880 साली मनीऑर्डर सुरू केली. गिरणगावातल्या खोलीतून सुटलेले रुपये गावच्या पोस्टात पोचू लागले. पैसे देणारा लालबाग-परळला आणि घर इथे, अशी फारकत झाली. ती भरून काढली पत्रांनी. शिमग्याआधी आजोबा घरमालकाला यादी लिहून धाडत, तिचे तीन भाग. पहिल्यात या पावसाळ्यात पडेल ते. दुसऱ्यात आणखी एक पावसाळा धरेल ते. तिसऱ्यात हौस: रंगीत फरशी, कोरीव चौकट, ओटीवर झोपाळा. पैसे वरून खाली जात आणि हौसेपर्यंत क्वचितच पोचत.

मजुरीचंही गणित होतं. छपराचं काम रोजावर, कारण उघडल्याशिवाय आत काय कुजलंय ते कळत नाही. ते उक्तं दिलं तर सुतार न दिसणाऱ्या नुकसानीचे पैसे आधीच दरात घालणार. भिंत, जोतं, चौकटी डोळ्यांसमोर मोजता येतात, ती कामं उक्ती. रोजावरच्या कामाला मात्र घरचं माणूस उभं लागतं. मालक मुंबईला, म्हातारी एकटी गावी, असं होत गेलं तसं सगळंच उक्तं दिलं जाऊ लागलं आणि खर्च चढला.

मग 1982 साल उजाडलं. 18 जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मनीऑर्डरी आटल्या. कितीतरी घरांची यादी पहिल्या भागावरच अडली. त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस सरकारनं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. आधी परमिटासाठी खेपा घालाव्या लागत, आता सिमेंट दुकानात मिळू लागलं. पुढच्या काळात ज्यांच्याकडे पैसा आला त्यांनी स्लॅब घातला. स्लॅब खणाखणानं होत नाही. सळई, खडी, रेती, सिमेंट, माणसं, सगळं एका दिवशी हजर लागतं, आणि पैसेही. सिमेंटात बसवलेला चिरा उतरवताना फुटतो, पुन्हा कामाला येत नाही. खाऱ्या हवेत सळई गंजते, स्लॅब गळतो, आणि शेवटी त्याच्यावर पत्र्याची शेड चढते. दोन छपरांचे पैसे देऊन एक छप्पर मिळालेली घरं आमच्या तालुक्यात मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही.

आता पुण्या-मुंबईची मंडळी आजोळची घरं दुरुस्त करायला येतात. मे महिन्याच्या सुट्टीत, कोरड्याठाक घरात उभं राहून पहिला प्रश्न असतो, चौरस फुटाला काय पडेल? दर मी सांगतो, पण आधी तीन भागांची यादी करायला लावतो. निम्मे लोक तिथेच अडतात. न्हाणीघरातली टाइल पहिल्या भागात लिहिलेली असते आणि कुजलेला आढ्याचा खांब यादीत नसतोच. आमच्या अंदाजपत्रकांत अनपेक्षित खर्चासाठी शेकडा तीन ते पाच धरायची पद्धत होती. ती रक्कम छपराखाली लपलेल्या वाळवीसाठी. काम अर्ध्यावर आल्यावर मालकाला जी नवी खिडकी सुचते, तिच्यासाठी तरतूद करायला जागाच नाही. ती तिसऱ्या भागात लिहायची आणि पुढच्या सालावर टाकायची.