विकत घेतलेले दार

लंडनच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यात हॉर्शम नावाचे गाव आहे. १२९५ साली राजा पहिला एडवर्ड याने बोलावलेल्या पार्लमेंटमध्ये या गावाचे दोन प्रतिनिधी होते. तेव्हापासून १८८५ पर्यंत हॉर्शम हा ‘बरो’, म्हणजे स्वतःचे प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क असलेला नगर-मतदारसंघ होता. कॅथलिकांवरील बंदी उठल्यावर इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहात बसलेला पहिला कॅथलिक याच गावाने निवडून दिला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशीच आहे; मात्र ती पुरती सांगितली, तर अभिमानाबरोबर अंतर्मुखही व्हावे लागते.

हॉर्शममध्ये मताचा हक्क माणसाला नव्हता, जागेला होता. ‘बर्गेज’ नावाच्या जुन्या हक्काच्या मूळ बावन्न जागा गावात होत्या. ज्याच्या नावावर त्यातली जागा, त्याला मत. कालांतराने या जागांचे तुकडे पडले आणि मते वाढली. मग श्रीमंत घराण्यांनी एकेक जागा विकत घेण्याचा सपाटा लावला. निवडणूक आली की मालकाने आपल्या विश्वासातल्या माणसाच्या नावे कागद करून द्यावा, त्याने सर्वांसमक्ष मोठ्याने मत सांगावे आणि काम होताच कागद परत करावा, अशी रीत पडली. अशा गावांना इंग्रज लोक ‘खिशातले मतदारसंघ’ म्हणत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा खिसा आयर्विन घराण्याच्या विधवा लेडी फ्रान्सिस यांचा होता. स्त्री म्हणून त्यांना स्वतःला मत नव्हते, पण दोन खासदार त्यांच्या शब्दावर ठरत. त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणजे नॉरफोकचे अकरावे ड्यूक. ड्यूकसाहेबांपाशी जागा कमी होत्या. परंतु निवडणुकीचा निकाल जाहीर करणारे अधिकारी त्यांच्याच जमीनदारी कचेरीत नेमले जात. १७९० मध्ये या अधिकाऱ्यांनी ड्यूकच्या दोन उमेदवारांना विजयी ठरवले. त्यातले एक टिमोथी शेली. पुढे कवी म्हणून जगभर गाजलेले पर्सी बिश शेली हे त्यांचे चिरंजीव. दुसऱ्या पक्षाने पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७९२ मध्ये दोघांनाही जागा सोडाव्या लागल्या. अखेर १८११ साली ड्यूकनी आयर्विन घराण्याच्या वारसांकडून त्यांची सारी मालमत्ता सुमारे ९१ हजार पौंडांना विकत घेतली आणि भांडण मिटले. गावातल्या माणसांना कोणी विचारले नाही.

नॉरफोकचे हॉवर्ड घराणे हे इंग्लंडमधील कॅथलिकांचे अग्रगण्य घराणे. सोळाव्या शतकात श्रद्धेपायी टॉवरच्या कारागृहात खितपत पडून १५९५ मध्ये मरण पावलेले संत फिलिप हॉवर्ड याच कुळातले. अकरावे ड्यूक मात्र राजकारणासाठी अँग्लिकन झाले होते. १८१५ मध्ये त्यांच्यामागून आलेले बारावे ड्यूक पुन्हा कॅथलिक. आता मोठा विचित्र प्रसंग उभा राहिला. १६७८ च्या कायद्याने कॅथलिकाला पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांत मज्जाव होता. त्यामुळे ड्यूकना उमरावसभेत स्वतःच्या आसनावर बसता येईना. परंतु हॉर्शमच्या दोन्ही जागा त्यांच्या खिशात! स्वधर्मीयाला पाठवण्याची सोय नसल्याने तेथून ते प्रॉटेस्टंट खासदार पाठवीत राहिले.

दार ठोठावले ते आयर्लंडने. जुलै १८२८ मध्ये क्लेअर परगण्यात डॅनियल ओ’कॉनेल उभे राहिले. कॅथलिकाला निवडणूक लढवता येत होती. आडवी येत होती ती सभागृहातली शपथ. वर्षाला चाळीस शिलिंग किमतीच्या जमिनीवर मत मिळवलेले गरीब शेतकरी जमीनदाराच्या डोळ्यांदेखत उघडपणे ओ’कॉनेल यांचे नाव घेत गेले. घरादारावरून हाकलले जाण्याची भीती त्यांना होतीच. सरकारचे मंत्री विल्यम व्हेसी-फिट्झजेरल्ड यांचा पराभव झाला. यादवी माजेल या धास्तीने सरकार नमले आणि १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिकांच्या मुक्ततेच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली.

त्याच महिन्याच्या अखेरीस बाराव्या ड्यूकनी उमरावसभेत आसन ग्रहण केले. मे महिन्यात त्यांचे पुत्र अर्ल ऑफ सरे हॉर्शममधून कॉमन्समध्ये दाखल झाले. मते मागत हिंडण्याची त्यांना गरज नव्हती. गाव घरचेच होते. ओ’कॉनेल यांना मात्र जुनीच शपथ पुढे करून परत पाठवण्यात आले. त्यांना पुन्हा निवडून यावे लागले आणि १८३० मध्ये ते आसनावर बसू शकले. सर्वांत मोठी किंमत मोजली ती शेतकऱ्यांनी. मुक्ततेच्या कायद्याबरोबरच आयर्लंडमध्ये मताची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली. दोन लाखांहून अधिक असलेले परगण्यांतले मतदार सुमारे ३७ हजारांवर आले. ज्यांनी दार उघडले त्यांचाच हक्क गेला, आणि ज्यांनी दार विकत घेतले होते ते प्रथम आत गेले.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने हॉर्शमची एक जागा कमी झाली आणि दहा पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मत मिळाले. पण सवयी कायद्याने सुटत नाहीत. पूर्वी जागा विकत घेतल्या जात. आता माणसे विकत घेतली जाऊ लागली. १८४७ च्या निवडणुकीत गावात अक्षरशः दारूचे पाट वाहिले. विजयी उमेदवार जर्व्हिस यांची निवड रद्द झाली. १८४८ च्या पोटनिवडणुकीत सिमोर व्हेसी-फिट्झजेरल्ड निवडून आले. त्यांचीही निवड रद्द ठरून लॉर्ड एडवर्ड हॉवर्ड यांना जागा मिळाली. फिट्झजेरल्ड हे क्लेअरमध्ये पराभूत झालेल्या मंत्र्यांचे पुत्र, तर लॉर्ड एडवर्ड हे १८२९ च्या त्या पहिल्या कॅथलिक खासदारांचे.

हे फिट्झजेरल्ड आपल्यालाही परके नाहीत. १८५२ ते १८६५ हॉर्शमचे प्रतिनिधित्व करून १८६७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले आणि १८७२ पर्यंत या पदावर राहिले. पुण्यातील बंड गार्डनचा फिट्झजेरल्ड पूल त्यांच्याच नावाचा, आणि महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाचे इंग्रजी नावही फिट्झजेरल्ड घाट. येथून परतल्यावर १८७४ मध्ये हॉर्शमने त्यांना पुन्हा निवडून दिले. १८७२ पासून मतदान गुप्त झाले होते, तरी १८७६ मध्ये येथील एक निवडणूक अर्जावरून रद्द झालीच. १८८५ मध्ये हा बरो संपुष्टात आला.

राहता राहिले अर्ल ऑफ सरे. १८४२ मध्ये ते तेरावे ड्यूक झाले. १८५० मध्ये पोपमहाशयांनी इंग्लंडमध्ये पुन्हा धर्मप्रांत स्थापन केल्यावर देशभर कॅथलिकांविरुद्ध काहूर उठले. तेव्हा या पहिल्या कॅथलिक खासदारांनी सरकारची बाजू घेतली आणि ते अँग्लिकन उपासनेत सहभागी झाले. १८५६ मध्ये मृत्युशय्येवर ते ख्रिस्तसभेत परतले. त्यांचे ज्येष्ठ पुत्र अरंडेलचे खासदार होते. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून त्यांनी १८५१ मध्ये ती वडिलार्जित जागा सोडली. त्यांना पुन्हा निवडून दिले ते आयर्लंडमधील लिमरिकच्या मतदारांनी.

या इतिहासात कोणा एकाला दोषी ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. बारा पिढ्यांचा छळ सोसलेल्या समाजाने मिळेल त्या दाराने आत पाऊल टाकले. तरीही एक भेद ध्यानात ठेवावा. हॉर्शमची जागा सरेसाहेबांना वारशाने मिळाली. ती राखण्यासाठी कोणाला भीती जिंकावी लागली नाही. क्लेअरच्या शेतकऱ्याने आपले एकमेव मत भीती जिंकून दिले आणि पुढच्याच वर्षी ते गमावले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हॉर्शमच्या त्या खासदारांचे नाव आहे. या शेतकऱ्यांची नावे नाहीत. निवडणुकीच्या दिवशी मतपत्रिका वा यंत्रासमोर एकटे उभे राहताना आठवण ठेवायची झाली, तर ती त्यांची ठेवावी.